उभ्या चढावर सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिशय उभे रस्ते आणि चढाईची मोठी आव्हानं यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात करून पुढे अडचणीच्या प्रश्नांकडे गेलो आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. २० टक्के चढ म्हणजे २० अंशांचा चढ का?

नाही. टक्केवारी म्हणजे आडवं १०० मीटर अंतर जाताना किती मीटर उंची वाढली, एवढंच. २० टक्के म्हणजे १०० मीटरला २० मीटर, आणि अंशांत तो कोन जेमतेम ११.३ भरतो. १० टक्के म्हणजे ५.७ अंश, ३५ टक्के म्हणजे सुमारे १९. १०० टक्के चढ म्हणजे सरळ भिंत नव्हे, ४५ अंश. आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, पण ११ अंशांच्या रस्त्यावर सायकल घातली की छाती भात्यासारखी चालायला लागते. जुन्या ब्रिटिश पाट्यांवर हेच ‘तीनास एक’ अशा पद्धतीने लिहिलेलं दिसतं. ते साधारण ३३ टक्के झालं.

२. चढ ‘उभा’ कधी म्हणायचा? सरासरी ८ टक्के म्हणजे कठीण का?

सरासरीवर विश्वास ठेवू नका. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतातला आंग्लिरू बघा. सुमारे साडेबारा किलोमीटर लांबी, सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. पण पहिला निम्मा भाग बराच सौम्य आहे, मध्ये थोडा सपाट तुकडाही आहे. मग उरलेल्या भागात काय होत असेल? ‘कुएन्या लेस काब्रेस’ नावाच्या टप्प्यावर चढ २३.५ टक्क्यांपर्यंत जातो, तोही पायांतली निम्मी ताकद संपल्यावर.

म्हणून सरासरीपेक्षा दोन गोष्टी विचारा: सगळ्यात उभा सलग किलोमीटर किती टक्क्यांचा आहे, आणि तो कुठे येतो? माझा अंदाज असा: १० टक्क्यांपर्यंत दमसासाचा प्रश्न असतो, १५ च्या पुढे गिअरचा, आणि २० च्या पुढे तोल आणि पकडीचाही.

३. जगातला सगळ्यात उभा रस्ता कोणता?

गिनीजच्या नोंदीनुसार न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातली बॉल्डविन स्ट्रीट. लांबी सुमारे ३५० मीटर, सर्वांत उभा भाग ३४.८ टक्के. वरचा भाग काँक्रीटचा आहे, कारण इतक्या उतारावर डांबर उन्हात मऊ होऊन खाली ओघळलं असतं. २०१९ मध्ये हा मान वेल्समधल्या हार्लेखच्या फोर्द पेन ल्लेख या रस्त्याकडे गेला होता. पण वळणदार रस्त्याचा चढ कडेने मोजायचा की मधल्या रेषेवर, हा वाद निघाला. मधल्या रेषेवर मोजल्यावर वेल्सचा आकडा २८.६ टक्क्यांवर आला, आणि २०२० मध्ये मान डनेडिनला परत मिळाला.

या वादातून सायकलवाल्यानं उचलायची गोष्ट अगदी कामाची आहे: वळणावर आतली कड सगळ्यात उभी असते आणि बाहेरची सगळ्यात सौम्य. रस्ता मोकळा असेल तर वळण बाहेरून घ्या.

पिट्सबर्गमधल्या कँटन ॲव्हेन्यूचा चढ ३७ टक्के सांगितला जातो, पण तो तुकडा फारच छोटा आहे, आणि दगडी फरसबंदीचा. ‘डर्टी डझन’ या तिथल्या १९८३ पासूनच्या शर्यतीत तेरा टेकड्या चढाव्या लागतात, त्यांत हीही असते.

४. उभ्या चढासाठी कोणता गिअर हवा? माझ्या सायकलच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८ दात आहेत.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर नीट समजलं तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२० टक्के चढावर बहुतेक हौशी सायकलस्वार तासाला ५ किलोमीटरच्या आसपास असतात. चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटर धरू. ३४-२८ वर त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला फक्त ३३ फेरे मारतील. म्हणजे दर फेऱ्याला जिना एका पायावर चढल्यासारखं. मागे ३४ दात घेतलेत तर ४० फेरे. पुढे ३० आणि मागे ३६ केलेत तर ४८ च्या जवळ. माउंटन बाईकचं पुढे ३० मागे ५१ असेल तर ६७, म्हणजे अगदी माणसासारखं चालवता येतं.

वेग तोच, लागणारी ताकद तीच. फरक पडतो तो दर फेऱ्यात पायावर येणाऱ्या भारात. ३३ फेऱ्यांना स्नायू पेटतात, गुडघे कुरकुरतात, आणि पेडल वरच्या टोकाला आलं की सायकल जवळजवळ थांबते. ‘हलका गिअर लावणं म्हणजे कमीपणा’ ही समजूत मनातून काढून टाका. मी स्वतः काही वर्षं याच समजुतीपायी जड गिअर ओढत होतो, आणि त्या काळात चढांचा आनंद मला कधी मिळालाच नाही.

मोठं कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) घेण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का आणि चेन पुरेल का, ते मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि गिअर चढ सुरू होण्याआधी बदला. पूर्ण जोरात पेडल मारताना बदललात तर चेन उतरते किंवा तुटते, आणि ते नेमकं सगळ्यात उभ्या जागी होतं.

५. मला चढ जमत नाही. ताकद कमी आहे की वजन जास्त?

गणित करून बघा. स्वार ७५ किलो, सायकल १० किलो. २० टक्के चढावर ताशी ५ किलोमीटरने जायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २२७ वॉट लागतात. टायर आणि चेनचं घर्षण धरून २४० च्या घरात. १० टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरला गुरुत्वाकर्षणाचा वाटा १४० वॉटच्या आतच राहतो. म्हणजे तोच माणूस १० टक्क्यांवर गप्पा मारत जाईल आणि २० टक्क्यांवर त्याला बोलणं सुचणार नाही. त्यात त्याचं काही चुकत नाही.

१० टक्क्यांवर वेग कमी करून सुटका होते, पण २० टक्क्यांवर ताशी ५ च्या खाली तोल सांभाळणं अवघड होतं. म्हणून तिथे ‘हळू जा’ या सल्ल्याला मर्यादा आहे.

वजन: ५ किलो कमी झालं तर त्याच वेगाला १३ वॉट वाचतात. सायकल १ किलोने हलकी केली तर तासाभराच्या चढावर जेमतेम ४० सेकंद. त्याआधी कॅसेट बदला, फायदा त्याच दिवशी कळेल.

६. बसून चढावं की उभं राहून? माझं पुढचं चाक उचलतं.

शक्य तितकं बसून. उभं राहिल्यावर जोर येतो, पण हृदयाचे ठोके वाढतात आणि दम लवकर संपतो. अधूनमधून वीस-तीस सेकंद उभं राहणं मात्र चांगलं. पाठ मोकळी होते, वेगळे स्नायू कामाला लागतात.

पुढचं चाक का उचलतं? रस्ता उभा होत गेला की तुमच्या शरीराचं वजन मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूकडे सरकतं. त्यात हलक्या गिअरमध्ये पेडलचा जोरदार झटका दिला की पुढचं चाक जमीन सोडतं. उपाय: सीटच्या टोकावर सरका, कोपर वाकवून छाती हँडलकडे न्या, हँडल वर न ओढता मागे-खाली ओढा आणि पेडल गोल फिरवा.

पण फार पुढे गेलात तर उलटं होतं. मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते घसरतं. ओल्या काँक्रीटवर, शेवाळावर किंवा सुट्या खडीवर उभं राहून झटका दिलात तर चाक जागच्या जागी फिरतं. आंग्लिरूवर २००२ मध्ये ‘वुएल्टा’ या स्पेनच्या शर्यतीत पावसात ताफ्यातल्या गाड्याच चढावर अडकल्या होत्या. त्याच दिवशी डेव्हिड मिलर हा ब्रिटिश स्पर्धक शेवटच्या रेषेच्या जरासा अलीकडे थांबला आणि निषेध म्हणून त्याने आपला क्रमांक काढून दिला. ओल्या उभ्या चढावर व्यावसायिकांचीही ही गत होते. टायरमधली हवा थोडी कमी ठेवणं आणि बसून राहणं, एवढंच आपल्या हातात असतं.

७. नागमोडी चढणं म्हणजे फसवणूक का?

मला तसं वाटत नाही. रस्त्याच्या दिशेशी ४५ अंश करून गेलात तर २० टक्क्यांचा चढ १४ टक्क्यांचा होतो, अंतर ४१ टक्क्यांनी वाढतं. उंची तुम्ही तेवढीच चढता, फक्त जास्त वेळ घेता. घाटरस्ते बांधणारेही वळणं घालून हेच करतात.

धोका वेगळा आहे. मागून किंवा समोरून येणाऱ्या वाहनाला तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल ते कळत नाही. त्यामुळे रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर दिसत असेल आणि पूर्ण रिकामा असेल, तरच. आंधळ्या वळणावर कधीही नाही. वळताना हँडल झपकन वळवू नका, इतक्या कमी वेगात तोल तिथेच जातो.

८. उभ्या चढावर थांबलो की पुन्हा सुरूच करता येत नाही. काय करू?

रस्ता मोकळा आहे हे पाहा आणि सायकल रस्त्याला आडवी धरा. दोन्ही ब्रेक दाबून ठेवा, एक पेडल वरच्या बाजूला किंचित पुढे आणा, त्यावर वजन टाकत ब्रेक सोडा. आडवं जात दोन-तीन फेरे मारून दुसरं पाऊल बसवा आणि मग हळूच वर वळा. जागा कमी असेल तर सौम्य तुकडा येईपर्यंत चालत जा.

क्लीट (बुटाच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) वापरत असाल तर उतरायचं आहे हे वेग संपण्याआधी ठरवा आणि पाय तेव्हाच मोकळा करा. चढावर पडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण जागच्या जागी आडवे होतात, कारण पाय सुटत नाही. फार उभ्या चढांसाठी फ्लॅट, म्हणजे पाय न अडकवणारे साधे पेडल अगदी योग्य आहेत.

९. पहिल्या दोन किलोमीटरांतच माझा दम संपतो.

कारण पहिली दोन मिनिटं. सुरुवातीला पाय ताजे असतात आणि मागून आणलेला वेग असतो, त्यामुळे फार जोर लागतो आणि ते जाणवतही नाही. जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. एक साधी कसोटी: पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘आपण फारच हळू चाललोय’ असं वाटत असेल तर वेग बरोबर आहे.

याला अपवाद म्हणजे एक-दोन मिनिटांत संपणारा चढ. तिथे आणलेला वेग वापरून घ्यावा.

१०. चढानंतर गुडघा दुखतो.

बहुधा जड गिअर (प्रश्न ४). त्याखालोखाल सीटची उंची. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट फार खाली असू शकते, मागच्या बाजूला दुखत असेल तर फार वर. एका वेळी काही मिलिमीटरच बदला. सूज असेल किंवा दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, इथलं वाचून निदान करू नका.

११. आमच्या भागात चढच नाही. सराव कसा करू?

वाऱ्याविरुद्ध जड गिअरमध्ये लांब, एकसारखी मेहनत: ८ ते २० मिनिटांचे टप्पे, मध्ये आराम. उड्डाणपूल पुन्हा पुन्हा. घरात ट्रेनर (सायकल बसवून जागच्या जागी चालवायचा स्टँड) असेल तर पुढचं चाक थोडं उंच ठेवा, म्हणजे चढावरची बैठक अंगवळणी पडते. फक्त तोल आणि पकड या दोन गोष्टी सपाटीवर शिकता येत नाहीत. मोठ्या चढाआधी एक तरी खरा उभा तुकडा शोधून तिथे जाऊन या.

१२. चढ जमला, पण उतरायची भीती वाटते.

ही भीती रास्त आहे. ८५ किलो वजन ५०० मीटर खाली आणताना सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. सव्वा लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी. वेगात उतरलात तर बरीचशी हवा खाते. हळू, सतत ब्रेक दाबून उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. हायड्रॉलिक डिस्कमध्ये तेल उकळून लिव्हर पोकळ लागतो.

म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी सरळ भागात दोन्ही ब्रेक घट्ट लावून वेग कमी करा, मग सोडा, थंड होऊ द्या. वजन मागे, हात हँडलच्या खालच्या वळणात. ब्रेक पॅड निघण्याआधी तपासा. रस्ता ओला असेल आणि उतार तीनास एकच्या जवळ असेल, तर चालत उतरा. इंग्लंडच्या हार्डनॉट खिंडीसारख्या रस्त्यावर पावसात चालत उतरण्यात शहाणपण आहे. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या चढशर्यतीत (१२.२ किलोमीटर, सरासरी १२ टक्के, अखेरचा तुकडा २२ टक्के) सायकलवरून खाली येण्याची परवानगीच नाही, वाहनाची सोय आधी करावी लागते.

१३. एव्हरेस्टिंग म्हणजे काय? नियम काय आहेत?

एकच चढ निवडायचा आणि तो पुन्हा पुन्हा चढत-उतरत एकूण चढाई ८,८४८ मीटर भरवायची. सगळं एकाच सलग प्रयत्नात. मध्ये खायला-प्यायला, कपडे बदलायला थांबलं तर चालतं, झोपलेलं चालत नाही. उतरायचंही त्याच रस्त्याने आणि सायकलवरूनच, गाडीत बसून नाही. वेळेची मर्यादा नाही. चढ कोणताही चालतो.

ही कल्पना १९९४ ची. १९२४ च्या मोहिमेत एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरींचा त्याच नावाचा नातू एव्हरेस्टच्या तयारीसाठी मेलबर्नजवळच्या माउंट डोना बुआंगवर सायकलने पुन्हा पुन्हा चढला. पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, तो खऱ्या एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. २०१४ मध्ये अँडी व्हॅन बर्गन आणि ‘हेल्स ५००’ या गटाने त्याला आजचं रूप दिलं.

१४. एव्हरेस्टिंगसाठी कोणता चढ निवडावा? किती वेळ लागेल?

समजा एका फेरीत १०० मीटर उंची मिळते. म्हणजे ८९ फेऱ्या. चढ ५ टक्के असेल तर एकूण अंतर सुमारे ३५५ किलोमीटर, ८ टक्के असेल तर २२०, १५ टक्के असेल तर १२०. उभा चढ कागदावर मोहक दिसतो. पण साठाव्या फेरीला १५ टक्के चढ पायांत कसा लागेल, ते आधी वीस फेऱ्या करून बघा.

आयर्लंडच्या रोनन मॅकलॉक्लिनने मार्च २०२१ मध्ये ममोर गॅपवर ६ तास ४० मिनिटं ५४ सेकंदांत हे पूर्ण केलं, सुमारे १४ टक्क्यांच्या तुकड्यावर. तो व्यावसायिक राहिलेला होता. आपल्यासारख्यांनी ७ ते १० टक्क्यांचा, ब्रेक फारसे न लावता सरळ उतरता येणारा, रहदारी नसलेला आणि वर-खाली सुरक्षित वळायला जागा असलेला चढ घ्यावा. रात्र त्याच रस्त्यावर काढायची आहे, हेही बघा.

वेळ: तासाला ६०० मीटर उंची हा चांगला हौशी वेग. त्यानुसार नुसतं चढायला पावणेपंधरा तास. उतरणं आणि थांबणं मिळून वीसच्या पुढे सहज जातं. पहिल्यांदा निम्म्याने, ४,४२४ मीटरपासून सुरुवात करा. तो आकडाही लहान नाही.

१५. एवढ्या वेळात खायचं काय आणि किती?

८५ किलो एकूण वजन ८,८४८ मीटर वर नेण्याचं काम सुमारे ७,४०० किलोज्यूल. शरीर त्यातला चौथाई हिस्साच पेडलला पोचवतं, म्हणून नुसत्या चढण्यातच जळतात सुमारे ७,००० किलोकॅलरी. एवढं एका दिवसात खाऊन भरून निघत नाही. तुटीतच राहायचं आहे, फक्त ती हाताबाहेर जाऊ द्यायची नाही. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं हे ध्येय ठेवा. पोटाला त्याचीही सवय लागते, म्हणून सरावातच तेवढं खाऊन बघा. गोड घशाखाली उतरेनासं होतं, तेव्हा खारट काहीतरी हाताशी हवं.

नुसतं पाणी भरपूर प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. घामाबरोबर गेलेलं मीठही परत द्या. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं यांपैकी काही दिसलं तर थांबा, आणि एकटे राहू नका.

१६. माझ्या आणि मित्राच्या उपकरणांत चढाई वेगवेगळी दिसते. खरी कोणाची?

कदाचित दोघांचीही नाही. उपग्रहावरून मिळणारी उंची बरीच चुकते. हवेच्या दाबावरून मोजणारं उपकरण चांगलं, पण वीस तासांत हवामान बदललं की तेही सरकतं, आणि पावसाचा थेंब त्याच्या छिद्रात गेला की आकडे भरकटतात. म्हणून एव्हरेस्टिंगमध्ये एका फेरीची खात्रीची उंची गुणिले फेऱ्या, हाच हिशेब धरा. फेऱ्या कागदावरही मांडा. पहाटे तीन वाजता डोक्यातला आकडा राहत नाही.

१७. एव्हरेस्टची उंची आता ८,८४८.८६ मीटर आहे ना? मग आव्हान बदललं का?

नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये ती उंची जाहीर केली, हे खरं. आव्हानाचा आकडा मात्र ८,८४८ च आहे. तरी एक-दोन फेऱ्या जास्त करा. कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

१८. एकाच रस्त्यावर वर-खाली करणं मला कंटाळवाणं वाटतं. दुसरं काय आहे?

पुष्कळ. फ्रान्समधल्या माँ व्हाँतूवर बेद्वँ, मालोसेन आणि सो या तिन्ही गावांतून एकाच दिवसात चढायचं, एकूण सुमारे ४,४०० मीटर. ते पूर्ण करणाऱ्यांचा १९८८ पासून एक क्लब आहे. तैवानमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून ३,२७५ मीटरवरच्या वुलिंगपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरची चढाई आहे, आणि सगळ्यात उभे तुकडे शेवटी आहेत. हवाईतला मौना केआ समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटर, त्यात वरचा काही भाग कच्चा. इटलीत ओव्हारोकडून झोंकोलान: १० किलोमीटर, सरासरी जवळजवळ १२ टक्के. मला या सगळ्यांत झोंकोलानबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे, कारण मधले पाच-सहा किलोमीटर तो श्वास घ्यायला जागाच देत नाही.

आणि दोन-तीन मिनिटांचे चढ आवडत असतील तर ब्रिटनमधल्या शरद ऋतूतल्या चढशर्यती आहेत. कॅटफर्ड क्लबची शर्यत १८८७ मध्ये सुरू झाली.

१९. उंचावर ताकद खरंच कमी होते का?

होते. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो, ४,२०० वर ६० टक्के. खाली सहज वाटणारा वेग तिथे जीव काढतो. वरच्या भागासाठी गिअर आणखी एक पायरी हलका हवा. डोकं ठणकणं, ओकारी, तोल जाणं ही लक्षणं दिसली तर चढणं थांबवून खाली या. पुढे जाऊन ती बरी होत नाहीत.

२०. इलेक्ट्रिक सायकल चालेल का?

फिरायला, शिकायला, साथ द्यायला उत्तम. पण हलक्या गिअरमध्येच चालवा. फार कमी फेऱ्यांवर मोटर तापते. १०० किलो एकूण वजन असेल आणि सगळा भार मोटरवर टाकला तर ५०० वॉट-तासांची बॅटरी साधारण दीड हजार मीटर उंची देते.

२१. मध्ये पाय टेकला, किंवा थोडं ढकलत नेलं, तर चढ ‘झाला’ म्हणायचा का?

आव्हान नोंदवायचं असेल तर त्याचे नियम वाचा आणि जे झालं ते खरं लिहा. थांबणं आणि ढकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबून त्याच जागेवरून पुन्हा सुरू केलंत तर मी तो चढ सायकलने झाला असंच धरतो. ढकललेला तुकडा मात्र राहिला. माझ्या वहीत अशा चढांपुढे किती मीटर ढकलले ते लिहिलेलं आहे. एका चढासमोर पहिल्या वर्षी ४००, पुढच्या वर्षी १५०, आणि कॅसेट बदलल्यानंतर ०.